घरगुती स्टुडिओ आणि मॉनिटर स्पीकरांची निवड

भिवंडी हें नांव काढलें कीं परक्या मनुष्याच्या कानांत प्रथम मागाचा खडखडाट उभा राहतो, आणि त्यांत त्याची चूक आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु गेल्या कांहीं वर्षांत या शहरांत व आसपासच्या आगरी-कोळी गांवांत आणखी एक उद्योग मूळ धरूं लागला आहे. एखाद्या चाळीच्या वरच्या मजल्यावर किंवा नव्या बांधलेल्या घराच्या मागच्या खोलींत एक लॅपटॉप, एक मायक्रोफोन व दोन स्पीकर एवढ्या भांडवलावर गाणीं तयार होत आहेत. हळदीचीं गाणीं, कोळीगीतें, भजनें, कव्वाली, नाताळांतील गीतें, सर्व कांहीं. ज्या कामासाठीं पूर्वी मुंबईच्या स्टुडिओंत जाऊन तासाचें भाडें मोजावें लागे, तें आतां दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलींत होऊं लागलें आहे.

या उद्योगांत आमच्या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी आहेत. वरच्या वर्गांतील मुलांपैकींही दोघेतिघे त्या मार्गास लागलेले आम्हांस ठाऊक आहे. त्यांचा नेहमींचा प्रश्न असा, कीं स्पीकर कोणते घ्यावेत. प्रश्न वाटतो तितका लहान नाहीं. मॉनिटरच्या एका बऱ्या जोडीस लागणारी रक्कम ही पुष्कळ घरांत वडिलांच्या महिन्या-दोन महिन्यांच्या कमाईइतकी असते, आणि ती बहुधा आईनें बाजूस टाकलेल्या पैशांतून येते. ती एकदां चुकीच्या वस्तूवर गेली म्हणजे दुसऱ्यांदा मिळत नाहीं. सबब या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम काम काय आहे तें पाहूं. मिक्सिंग म्हणजे निरनिराळ्या वेळीं मुद्रित केलेले गायकाचा आवाज, ढोलकी, बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड व कोरस हे सर्व एकत्र आणून त्यांतील कोणी पुढें यावें, कोणी मागें राहावें, कोणाचा खर्ज कमी करावा, हें ठरविणें. हा निवाडा कानानें करावयाचा, आणि कानाजवळ पुरावा आणून देणारा साक्षीदार म्हणजे स्पीकर. घरांत करमणुकीसाठीं जे स्पीकर आपण आणतो, ते मुद्दाम गोड बोलतात. त्यांत खालचा धमधमाट व वरची चकाकी जास्त घातलेली असते, म्हणजे कसलेंही गाणें बरें वाटावें. मॉनिटरचें काम याच्या उलट आहे. जें मुद्रित झालें तें जसेंच्या तसें, वाईट असेल तर वाईट, ऐकविणें हा त्याचा धर्म. आमच्या गांवच्या कापडाच्या व्यापाऱ्यास हा भेद समजावून सांगावा लागत नाहीं. ठाण पारखावयाचें झालें तर तो दुकानांतील झगझगीत दिव्याखालीं तें पाहत नाहीं. दाराशीं जाऊन दिवसाच्या उजेडांत धरतो.

या बाबतींत एका प्रसिद्ध स्पीकराची हकीकत सांगण्यासारखी आहे. जपानच्या यामाहा कंपनीनें १९७८ सालीं एनएस-१० नांवाचा एक स्पीकर घरगुती श्रोत्यांसाठीं काढला. घरांत तो फारसा आवडला नाहीं. त्याचा आवाज कोरडा, मधल्या स्वरांत टोचणारा होता. परंतु ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञांच्या हातीं तो पडला तेव्हां त्यांनीं तोच उचलून धरला, व त्याचा पांढरा कागदी शंकु जगांतील असंख्य स्टुडिओंतील टेबलांवर दिसूं लागला. वरच्या पट्टीचा त्रास कमी व्हावा म्हणून कित्येक जण त्याच्या ट्वीटरवर पातळ टिश्यू कागद चिकटवीत! पुढें ब्रिटनमधील संशोधकांनीं त्याची मोजमापें घेतलीं तेव्हां असें दिसून आलें, कीं त्याची पेटी बंद असल्यामुळें आवाज थांबला कीं तो लगेच थांबतो, मागें घुमत राहत नाहीं. २००१ सालीं त्याचें उत्पादन बंद झालें. गोडपणा आणि खरेपणा या दोन भिन्न वस्तु आहेत हें या एका उदाहरणावरून कळून येईल. त्याच १९७८ सालीं फिनलंडमध्यें जेनेलेक ही कंपनी स्थापन झाली. पेटीच्या पोटांतच अँप्लिफायर बसविलेले मॉनिटर तिनें तेथील नभोवाणीसाठीं बनविले, व आज घरगुती स्टुडिओसाठीं विकले जाणारे बहुतेक मॉनिटर याच जातीचे, म्हणजे ज्यांस ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात ते असतात. आमच्या मतें नवख्यानें तेच घ्यावेत. निराळा अँप्लिफायर जुळवीत बसण्याची यातायात वांचते.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों, आणि ती स्पीकराची नसून खोलीची आहे. दुकानदार ही गोष्ट सांगत नाहीं, कारण खोली त्याच्याकडे विकावयास नसते.

आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें मोठ्या हौसेनें आठ इंची शंकूचे मॉनिटर घेतले, आणि आपल्या दहा बाय दहाच्या खोलींत भिंतीस पाठ लावून एक हळदीचें गाणें मिसळलें. त्याच्या खोलींत ढोलाचा ठोका छातींत बसत होता. गाणें मांडवांत वाजलें तेव्हां ढोल कोठें गेला तें कोणास कळेना; नाचणारे थांबले, आणि पैसे देणाऱ्याचा चेहरा उतरला. स्पीकर खोटें बोलले काय? नाहीं. खोटें बोलली ती खोली.

कसें तें पाहा. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्यें दहा फूट अंतर असेल तर जाऊन परत येण्याचा प्रवास वीस फुटांचा. ११३० ला २० नीं भागिलें म्हणजे सुमारें ५६ येतात. सेकंदास ५६ कंपनांचा म्हणजे ५६ हर्ट्झचा जो खर्ज आहे, तो या दोन भिंतींमध्यें बरोबर बसतो. गेलेली व परतलेली लाट एकमेकींस हात देतात आणि तो आवाज फुगतो. परंतु सर्वत्र सारखा नव्हे. भिंतीजवळ तो अतिशय मोठा असतो, आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहींसा होतो. आमचा विद्यार्थी भिंतीस टेकून बसला होता. त्याला खर्ज खराहून मोठा ऐकूं येई, म्हणून त्यानें तो कमी केला; मांडवांत ती भिंत नव्हती, तेव्हां कमी केलेलाच तेवढा उरला. तोच जर खोलीच्या मध्यभागीं बसता तर उलट झालें असतें. खर्ज नाहींच असें समजून त्यानें तो वाढविला असता व मांडवांत नुसता गडगडाट झाला असता.

लांबी, रुंदी व उंची अशीं तीन मापें असतात, आणि प्रत्येकाचा आपला खर्ज असतो. बारा फुटांचा सुमारें ४७, नऊ फुटांचा सुमारें ६३. तीन मापें वेगवेगळीं असतील तर हे फुगवटे विभागले जातात. तिन्ही मापें दहा फूट असतील तर तिघांचा भार एकाच स्वरावर पडतो, आणि अशी खोली मिक्सिंगला सर्वांत वाईट. घरांत दोन खोल्यांतून निवड करावयाची झाल्यास चौरस खोली सोडावी, लांबट घ्यावी, व स्पीकर आंखूड भिंतीशीं ठेवून लांबीच्या दिशेनें तोंड करावें. बसण्याची जागा समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर धरावी असा एक प्रचलित नियम आहे. तो ब्रह्मवाक्य नव्हे, परंतु सुरुवात करण्यास चांगला. त्यांत भिंतही टळते व मध्यही टळतो. खात्री करून घ्यावयाची असल्यास एक खर्जाचा स्वर सतत लावून ठेवून खोलींत हळूहळू चालत जावें. एके ठिकाणीं तो अंगावर येतो व चार पावलांवर नाहींसा होतो. आमच्या विज्ञानाच्या तासाला पुस्तकांतील स्थिर तरंगाच्या आकृतीनें जें मुलांस पटत नाहीं, तें या चालण्यानें क्षणांत पटतें.

दुसरी पीडा वरच्या स्वरांची. आपल्याकडील खोल्या म्हणजे सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, खालीं लादी. टाळी वाजविली तर झणझणीत उत्तर येतें. यावर उपाय म्हणून अंड्यांचे पुठ्ठे भिंतीस चिकटविण्याची एक चाल पडली आहे. ती निरुपयोगी आहे असें आम्ही स्पष्ट सांगतों. पातळ पुठ्ठा फार तर वरच्या स्वरांस किंचित् अडवितो. शंभर हर्ट्झच्या लाटेची लांबी अकरा फुटांहून अधिक असते, तिला दोन इंचांचा पुठ्ठा काय करणार? ध्वनि शोषून घेण्यास जाडी लागते, आणि पदार्थ तंतुमय व सच्छिद्र लागतो. चार इंच जाडीचे रॉकवुलाचे तक्ते लांकडी चौकटींत बसवून, वर विरळ विणीचें कापड ताणून, कोपऱ्यांत आणि बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लाविले तर फरक ताबडतोब कळतो. कापडाची उणीव भिवंडींत पडावयाची नाहीं. जुन्या गाद्या व चिंध्यांचे गठ्ठे यांनींही कांहीं काम भागतें. परंतु कापूस व चिंध्या भरभर पेट घेतात आणि विजेच्या उपकरणांशेजारीं त्यांची रास घालणें शहाणपणाचें नाहीं. रॉकवुल दगडापासून केलेलें असल्यानें जळत नाहीं. बाजूच्या भिंतीवर तक्ता नेमका कोठें लावावा यासाठीं सोपी युक्ति आहे: आपण खुर्चीवर बसावें, मित्रानें भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा, आणि आरशांत ज्या ठिकाणीं स्पीकर दिसेल तेथें तक्ता लावावा.

खोली समजली म्हणजे स्पीकराच्या आकाराचा प्रश्न आपोआप सुटतो. लहान खोलींत आठ इंची शंकु घेणें म्हणजे ज्या खर्जास खोली सांभाळूं शकत नाहीं तोच विकत घेणें होय. दहा-बारा फुटांच्या खोलीस पांच इंची जोडी पुरते. ब्रिटिश नभोवाणीनें, म्हणजे बीबीसीनें, १९७० च्या दशकांत एलएस३/५ए नांवाचा एक अगदीं लहान मॉनिटर तयार केला, तो बाह्यध्वनिक्षेपणाच्या गाडींत बसविण्यासाठीं. गाडीहून लहान खोली ती कोणती? तरीही मनुष्याच्या बोलण्याचा त्यावरील खरेपणा आजतागायत वाखाणला जातो.

तबल्या-ढोलकीच्या बाबतींत लहान स्पीकराची भीति बाळगण्याचें कारण नाहीं, असें म्हणण्यास एक शास्त्रीय आधारही आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं शिवकाली कुमार यांच्यासह दाखवून दिलें, कीं आपल्या मृदंग-तबल्यावरील शाईमुळें त्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सुसंवादी होतात. साध्या ढोलाच्या चामड्याचे तसे होत नाहींत. म्हणून तबल्याला स्वर लागतो. आणि उपस्वर असे क्रमवार असले म्हणजे मूळ स्वर क्षीण असला तरी कान तो ताडून घेतो. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तोही सुमारें १३९ हर्ट्झवर, म्हणजे पांच इंची मॉनिटरच्या सहज आटोक्यांत येतो. आपल्या गाण्याचा प्राण या मधल्या प्रदेशांत आहे. तो प्रदेश स्वच्छ ऐकविणारा स्पीकर घ्यावा.

खोक्यावर छापलेले आंकडे कसे वाचावेत हें सांगितलें पाहिजे. यामाहाचा एचएस ५ हा पांच इंची मॉनिटर उदाहरणादाखल घेऊं. त्याची मर्यादा ५४ ते ३०,००० हर्ट्झ अशी देतात, परंतु ती टोकास आवाज १० डेसिबेलनें घसरला तरी चालेल या सवलतीची आहे. घसरण ३ डेसिबेलच चालेल असें म्हटलें तर तीच मर्यादा ७४ ते २४,००० होते. स्पीकर एकच, आंकडे दोन! ज्या आंकड्याशेजारीं डेसिबेलची सवलत लिहिलेली नाहीं त्यास कांहीं अर्थ नाहीं. वॅटचेंही तसेंच. या स्पीकरांत खालच्या शंकूस ४५ व वरच्या ट्वीटरास २५ मिळून ७० वॅटची शक्ति आहे, आणि हाताच्या अंतरावर बसणाऱ्यास ती गरजेहून पुष्कळ जास्त होते. बाजारांत कांहीं खोक्यांवर हजारों वॅट लिहिलेले असतात. तें वाचून पुढें जावें.

खरेदीस आमच्याकडील मुलें बहुधा मुंबईस लॅमिंग्टन रोडला जातात, ज्याचें नांव आतां डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. जातांना आपल्या पूर्ण ओळखीचीं चारपांच गाणीं न्यावीं: एक नुसत्या आवाजाचें, एक ढोलकीचें, एक तानपुऱ्याचें, आणि एक आपण स्वतः मिसळलेलें व फसलेलें. हें शेवटचें फार उपयोगी. ज्या स्पीकरावर त्यांतील दोष उघडे पडतात तो चांगला. ज्यावर तें गाणें बरें वाटूं लागतें तो टाळावा. दोन स्पीकरांची तुलना करतांना दोघांचा आवाज सारखा लावण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित् मोठा वाजणारा स्पीकर कानास नेहमींच अधिक चांगला वाटतो, आणि विक्रेत्यास हें गुपित पुरतें ठाऊक असतें. आणखी एक: मॉनिटर पुष्कळदां एकेकटा विकला जातो. सांगितलेली किंमत एकाची कीं जोडीची, हें आधीं विचारून घ्यावें, नाहीं तर घरून आणलेला हिशेब भर दुकानांत कोसळतो.

घरीं आणल्यावर दोन स्पीकर व आपलें डोकें यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर कानाच्या उंचीवर यावेत, व डावीउजवीकडील भिंती दोहोंपासून सारख्या अंतरावर असाव्यात. स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढें असेल तर भिंतीवरून परतणारी लाट उलट पडून सुमारें १४१ हर्ट्झचा स्वर, म्हणजे जवळजवळ गायकाचा षड्जच, खाऊन टाकते. भिंतीजवळ सरकविला तर ही खांच वर जाते परंतु खर्ज वाढतो. बहुतेक मॉनिटरांच्या पाठीशीं हा वाढलेला खर्ज दोन किंवा चार डेसिबेलनें उतरविण्याची कळ असते, ती अशाच वेळीं वापरावी. लहान खोलींत भिंतीजवळ ठेवून कळ उतरविणें आम्हांस अधिक सोयीचें वाटतें.

किती मोठ्यानें ऐकावें? बेल टेलिफोन प्रयोगशाळेंतील फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें, कीं आवाज लहान असतांना कानास खर्ज कमी ऐकूं येतो, व आवाज वाढवावा तसा खर्ज भरून येतो. त्यामुळें आज हळू, उद्यां मोठ्यानें असें मिक्सिंग करणाऱ्याचा तोल कधींच राहत नाहीं. एक पातळी ठरवून मूठीवर खूण करून ठेवावी. लहान खोलीस ७५ डेसिबेलच्या आसपासची पुरेशी आहे, आणि ती अदमासानें मोजण्यास मोबाईलवरील ॲपही चालतें. येथें आमच्या मुलांस एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेंतील आरोग्यसंस्थेच्या शिफारशीप्रमाणें ८५ डेसिबेलचा गोंगाट दिवसांतून आठ तासांहून अधिक कानावर पडूं नये, व पुढें दर ३ डेसिबेलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबेलला तो केवळ पंधरा मिनिटांचा उरतो. ज्यांच्या घराखालींच माग चालतात, किंवा जे स्वतः सुटींत मागावर उभे राहतात, त्यांच्या कानांची शिदोरी संध्याकाळपर्यंत बरीच खर्च झालेली असते. अशा मुलानें मागावरून उठून थेट मिक्सिंगला बसूं नये. सकाळची वेळ धरावी. कान शिणलेला असला म्हणजे वरचे स्वर मंद वाटतात, आणि मग ते वाढविण्याचा मोह होतो. शेजाऱ्यांचाही विचार आहेच. वसतींत रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबेलची मर्यादा कायद्यानें घातलेली आहे.

ज्यांस खोलीच नाहीं, चौघांच्या घरांत एक कोपरा तेवढा आहे, त्यांनीं काय करावें? त्यांनीं मॉनिटर घेऊंच नयेत. त्याच पैशाच्या अल्प भागांत पाठीमागून उघडा असलेला एक चांगला हेडफोन येतो, आणि त्यांत खोलीचा खोटेपणा मुळींच नाहीं. डावें-उजवें त्यांत वाजवीपेक्षां अधिक फांकलेलें वाटतें, आणि खर्ज अंगास न लागतां नुसता कानास लागतो, या दोन उणिवा ध्यानांत ठेवून पुष्कळ चांगलें काम होतें. आमच्या परिचयाच्या एका मुलानें दोन वर्षें असेंच काम करून त्या कमाईंतून पुढें मॉनिटर घेतले, आणि तो क्रम आम्हांस आठ इंची घाईपेक्षां फार पसंत पडला.

मॉनिटर असोत वा हेडफोन, गाणें शेवटीं मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरावर व मांडवांतील मोठ्या खोक्यांवर, अशा दोन्ही टोकांस वाजावयाचें आहे. मोबाईलवर खर्ज जवळजवळ नसतोच. तेथें ढोल ऐकूं यावयाचा तर त्याच्या कातड्यावरील थापेचा मधला आवाज मिश्रणांत जागा ठेवून बसविलेला पाहिजे. म्हणून पुरें करण्यापूर्वीं मोबाईलवर एकदां, आणि ओळखीच्या मंडपवाल्याकडे एकदां, असें ऐकून पाहावें.

राहतां राहिली घरघर. स्पीकरांतून बारीक ‘हूं’ असा अखंड आवाज येत असेल तर तो आपल्या विजेच्या ५० हर्ट्झचा, किंवा त्याच्या दुपटीचा असतो, व बहुधा लॅपटॉप आणि स्पीकर निरनिराळ्या ठिकाणच्या अर्थिंगवर असल्यानें येतो. सर्व उपकरणें एकाच बोर्डावर घ्यावींत, व इंटरफेसपासून स्पीकरापर्यंत तीन तारांची बॅलन्स्ड केबल घालावी. प्लगाची अर्थिंगची पिन काढून टाकली कीं घरघर थांबते, असें सांगणारे मिस्त्री आम्हांस भेटले आहेत. घरघर थांबते हें खरें. परंतु पेटींत कांहीं बिघाड झाला तर विजेचा धक्का त्या पिनेऐवजीं मुलाच्या हातांतून जमिनींत जातो. पिन राहूं द्यावी, आणि केबल बदलावी.